माळेगाव बुद्रुक : दिवाबत्तीपासून नगरपंचायतीपर्यंत

ग्रामपंचायत होती तोवर बारामती तालुक्यातल्या माळेगाव बुद्रुकमध्ये ‘बांधकाम विभाग’ अशी पाटी असलेली कचेरी नव्हती. ग्रामपंचायतीच्या रचनेत तशी तरतूदच नसते. रस्ता उखडला, गटार तुंबले, खांबावरचा दिवा गेला किंवा नळाला गढूळ पाणी आले की माणूस सरपंचांकडे जाई, ग्रामसेवकाला गाठी, नाहीतर सकाळी पाणी सोडायला निघालेल्या कर्मचाऱ्यालाच रस्त्यात थांबवी. पाटी नसली तरी खाते होते. चार-दोन कर्मचारी, एक ग्रामविकास अधिकारी, पंचायत समितीकडून येणारा कनिष्ठ अभियंता आणि महिन्याच्या सभेत मंजूर होणारे ठराव एवढ्यावर ते चालत आले. संस्थांच्या इतिहासात पदाधिकाऱ्यांची नावे आणि उद्घाटनांच्या तारखा असतात, आणि त्या असायला हव्यातच. पण गाव उभे राहते ते उद्घाटनानंतरच्या वर्षांमध्ये. दुरुस्तीची कोनशिला कोणी बसवत नाही, म्हणून या लेखात मुख्यतः दुरुस्तीबद्दल लिहायचे ठरवले आहे.

या गावच्या सार्वजनिक कामांची सुरुवात गावाने केलेली नाही. ती नीरा डाव्या कालव्याने केली. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम देण्यासाठी हा कालवा खोदायला घेतला, आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. पुढे १८९२ पर्यंत भाटघरचे धरण उभे राहिले, आणि कालव्याला बारमाही भरवसा आला. बारामती तालुक्याचे त्यानंतर दोन भाग पडले, एक जिरायत आणि एक बागायत. माळेगाव बागायत भागात आले. ऊस आला, गूळ आला, उसाबरोबर माणसेही आली.

पाण्याबरोबर एक अडचणही आली, आणि तिचा संबंध आजच्या प्रत्येक रस्त्याशी आहे. काळी जमीन, वर्षानुवर्षे पाटाचे पाणी आणि उसाला भरमसाट भिजवणे यामुळे नीरा खोऱ्यातल्या जमिनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. चर खणून निचरा करण्याचे काम त्या काळच्या पाटबंधारे खात्याला हाती घ्यावे लागले. शेतकरी याकडे चोपण जमिनीचा प्रश्न म्हणून बघतो. रस्ता बांधणाऱ्यापुढे तोच प्रश्न पायाचा म्हणून उभा राहतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम पसरून खडी दाबली तर दोन पावसाळ्यांत रस्ता लाटेसारखा होतो. आधी माती उकरून काढायची, खाली जाड मुरूम भरायचा, रोलर फिरवून दाबायचा, आणि दोन्ही बाजूंना पाणी निघून जाईल अशी चारी ठेवायची, एवढे केले तरच वरचे डांबर टिकते. बागायती गावात रस्त्याची चारी बुजवून तिथपर्यंत ऊस लावण्याचा मोह मोठा. रस्ता खराब होण्याचे पहिले कारण तिथे असते. दोष मात्र डांबराला दिला जातो.

स्वातंत्र्याच्या आधी गावचे रस्ते, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही कामे जिल्हा लोकल बोर्डाकडे होती. मुंबई इलाख्यात १९२० आणि १९३३ असे ग्रामपंचायतींचे दोन कायदे झाले, पण बहुतेक गावांत खरा कारभार पाटील-कुलकर्णी आणि लोकल बोर्ड यांच्याच हाती राहिला. १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर शारदाबाई पवार निवडून आल्या. एका बाईने रस्ते-विहिरींच्या कामांवर सभेत बसून बोलावे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. जवळच्या शारदानगरला त्यांचेच नाव आहे. तिथे मुलींच्या शिक्षणाचे मोठे संकुल आणि कृषी विज्ञान केंद्र उभे आहे.

त्या काळाबद्दल लिहिताना आणखी एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. सार्वजनिक विहीर म्हणजे सर्वांची विहीर असे तेव्हा नव्हते. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, तरी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. महाराष्ट्रभर गावोगाव नळ, दिवा आणि फरशी शेवटी पोहोचली ती दलित वस्त्यांत. १९७४ पासून दलित वस्ती सुधार योजनेचा वेगळा निधी ठेवावा लागला तो या मागे राहिलेल्या कामांसाठी. गटार साफ करण्याचे काम मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच वस्त्यांतल्या माणसांवर पडले. गावच्या सफाई कामगारांचा उल्लेख गावाच्या इतिहासात सर्वात पुढच्या पानांवर असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला आणि कामांची यादी कायद्यात आली. त्याच्या कलम ४५ आणि अनुसूची एकमधली ग्रामसूची वाचली की पंचायतीच्या खांद्यावर काय काय आहे ते कळते. सार्वजनिक रस्ते, मोऱ्या, गटारे बांधणे आणि दुरुस्त ठेवणे, पिण्याचे पाणी पुरवणे, दिवाबत्ती, केरकचरा उचलणे, स्मशानभूमी, कोंडवाडा, बाजाराची जागा, झाडे लावणे असे बरेच काही तिच्यात आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुणे जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग आणि बारामती पंचायत समिती यांच्याकडून मोठी कामे येऊ लागली. रस्त्यांची वाटणी पुढे अशी राहिली. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे, आणि गावठाणातल्या गल्ल्या पंचायतीच्या. खड्ड्यात चाक आपटलेल्या माणसाला ही वाटणी ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. त्याच्या लेखी सगळे रस्ते ग्रामपंचायतीचे असतात.

याच सुमारास, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, माळेगाव सहकारी साखर कारखान्याची चिमणी पेटली. शिवनगरची वसाहत झाली, पुढे शिक्षणसंस्था आल्या, अभियांत्रिकीचे महाविद्यालय आले. गावाची वाढ चहूबाजूंनी झाली. बागायती गावाचा आणखी एक विशेष म्हणजे लोक गावठाणात एकवटून राहत नाहीत, मळ्यात राहायला जातात. चार घरांच्या वस्तीला तेवढाच लांब रस्ता, तेवढीच लांब पाइपलाइन आणि तेवढेच खांब लागतात. माळावरच्या दाटीच्या गावात शंभर मीटर गटार वीस घरांना पुरते. इथे तेवढ्या लांबीत दोन घरे भेटतात. म्हणून नुसती लोकसंख्या पाहून दिलेला निधी अशा गावाला नेहमी तोकडा पडतो.

कारखान्याने गावाला पैसा आणि नाव दिले. गावच्या रस्त्यांवर ओझेही टाकले. हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वीस टनांच्या पुढे ऊस घेऊन मळ्यातून बाहेर पडतो, आणि तो ज्या रस्त्याने येतो तो बऱ्याचदा जेमतेम तीन मीटर रुंदीचा असतो. समोरून दुसरे वाहन आले की एक चाक साइडपट्टीवर जाते. साइडपट्टी खचते आणि डांबराची कड तुटते. तुटलेल्या कडेतून पाणी खाली शिरले की आतला थर सैल होतो. हंगाम संपतो एप्रिलच्या सुमारास आणि पावसाळा येतो जूनमध्ये. डागडुजीला मिळतो तो मधला महिना-दीड महिना. त्या मुदतीत साइडपट्ट्या मुरमाने भरल्या आणि कडा शिवून घेतल्या तर रस्ता आणखी एक वर्ष काढतो. तेवढ्यात काम झाले नाही तर पुढच्या वर्षी सबंध रस्ताच नव्याने मागावा लागतो. नव्या रस्त्याला खर्च कितीतरी पट येतो, पण मंजूर होतो तो नवाच, कारण सरकारी योजनांत नव्या कामासाठी लेखाशीर्ष असते आणि साइडपट्टीला सहसा नसते. ही खंत एकट्या माळेगावची नाही.

१९७२ च्या दुष्काळात कालव्याखालच्या गावांनाही झळ लागली, जिरायत भागात तर हाहाकार होता. त्या आधी १९६६ पासूनच बारामतीच्या कोरड्या पट्ट्यात धान्याच्या मोबदल्यात पाझर तलाव खोदण्याचे काम सुरू झाले होते. ७२ च्या दुष्काळी कामांवर हजारो माणसांनी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले, आणि त्याच हातांनी राज्यातल्या अनेक गावांना जोडरस्ते मिळाले. आजच्या डांबराखाली कितीतरी ठिकाणी तेव्हाची हाताने फोडलेली खडी आहे. त्यानंतर हातपंप आले, मग टाक्या आणि नळ.

पाण्याचे काम जरा जवळून पाहू, कारण गावाचे खरे खाते तिथेच दिसते. पहाटे विहिरीवरची मोटार सुरू होते आणि टाकी भरते. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालायची असते, हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम. पावडर थेट ओतत नाहीत. बादलीत थोड्या पाण्यात कालवतात, चुना खाली बसू देतात, आणि वरचे निवळ पाणी टाकीत सोडतात. अर्धा तास थांबायचे आणि मगच व्हॉल्व्ह खोलायचा. गावाच्या अगदी टोकाच्या नळावर जाऊन ओटी चाचणी घ्यायची. काचेच्या नळीत थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले की क्लोरीन शेवटपर्यंत पोहोचले असे समजायचे. आरोग्य खाते वर्षातून दोनदा पाणवठ्यांची पाहणी करते आणि जोखीम बघून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. गॅस्ट्रोची साथ आली की मोठ्या माणसांच्या बैठका होतात. साथ येऊ नये म्हणून रोज पहाटे बादलीत पावडर कालवणाऱ्या जलसुरक्षकाकडे एरवी कोणी ढुंकून पाहत नाही.

नंतरचे काम व्हॉल्व्हचे. कोणत्या भागाला किती वेळ पाणी आणि त्यासाठी टी-चावीचे किती आटे फिरवायचे, हे गणित कागदावर नसते. उंचावरच्या आळीला दाब मिळावा म्हणून खालच्या आळीचा व्हॉल्व्ह दोन आटे आवळावा लागतो. उन्हाळ्यात कालव्याचे आवर्तन लांबले की विहिरींचे पाणी उतरते आणि हे सगळे हिशेब बदलतात. जुन्या गावठाणांत अजून एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंटचे) पाइप सापडतात. त्यांचे तुकडे बिडाच्या कड्यांनी आणि रबरी रिंगांनी जोडलेले असतात. वरून उसाची ट्रॉली गेली, जमीन बसली, की रिंग सरकते आणि पाणी फुटते. मग खड्डा खणायचा, त्यातले पाणी उपसायचे, चिखलात गुडघ्यावर बसून जुना तुकडा कापायचा, नवा बसवायचा, आणि संध्याकाळच्या पाण्याआधी माती लोटायची. पाइप नेमका कुठून गेला आहे हे बहुतेक वेळा एखाद्या जुन्या कर्मचाऱ्यालाच ठाऊक असते. तो निवृत्त झाला की गावाचा नकाशाही त्याच्याबरोबर घरी जातो. नवा काँक्रिट रस्ता झाल्यावर त्याच्याखालची लाइन फुटते आणि रस्ता फोडावा लागतो, असे महाराष्ट्रातल्या गावागावांत घडते. त्याचे कारण हाच हरवलेला नकाशा. आधी पाइप, मग गटार आणि शेवटी रस्ता हा क्रम सगळ्यांना पाठ आहे. पण निधी त्या क्रमाने येत नाही. ज्या वर्षी रस्त्याचे पैसे येतात त्या वर्षी रस्ता होतो.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्यरक्षण कर, गाळ्यांचे भाडे, बाजार फी. कारखाना असलेल्या गावात कलम १२५ प्रमाणे करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचीही सोय होती. घरांची आकारणी दर चार वर्षांनी, नोंद नमुना नंबर ८ मध्ये. पगारावर उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही, म्हणून माणसे कायम अपुरी. पावसाळ्यात गटार उपसणारा, वसुलीला फिरणारा आणि मार्चमध्ये नोटिसा वाटणारा बऱ्याचदा एकच माणूस असतो. २०१५ मध्ये चौदावा वित्त आयोग आला आणि पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात पडू लागला. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखडे झाले. पंधराव्या आयोगाने त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. हे चांगले झाले. पण मोटारीच्या विजेचे आणि पथदिव्यांचे बिल हा जुना जाच तसाच राहिला. २०२१ मध्ये थकबाकीपायी राज्यातल्या अनेक गावांचे पथदिवे बंद पडले होते. दिवा लावण्याचा खर्च एकदाच येतो. तो जळत ठेवण्याचा खर्च मात्र दर महिन्याला येतो.

२०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचे ऋण इथे मानायला हवे. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना या अभियानाने गावोगाव लोकांच्या हातात खराटा दिला. निधी जवळजवळ नसताना गटारे उपसली गेली, उकिरडे हलले, भिंती रंगल्या. सार्वजनिक काम म्हणजे सरकारचे काम, ही समजूत त्या दोन-तीन वर्षांत जितकी हलली तितकी आधी कधी हलली नव्हती आणि नंतरही हलली नाही. पुढे हागणदारीमुक्ती आली, २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान आले. शौचालये झाली. पण पाणथळ जमिनीत शोषखड्डा भरून वर येतो, मैला आणि सांडपाणी कुठे सोडायचे हा प्रश्न उरतो. बागायती गावात बंद गटारांची मागणी गल्ल्या चकचकीत दिसाव्यात म्हणून होत नाही. खालून पाणी जिरतच नाही म्हणून ती होते.

२०२१ मध्ये माळेगाव बुद्रुक ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. १९५८ च्या कायद्याखालून गाव १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली आले. ग्रामविकास अधिकाऱ्याच्या जागी मुख्याधिकारी, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आणि १७ प्रभागांचे १७ नगरसेवक अशी रचना ठरली. पण निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे राहिला. नगरपंचायतीचे पहिले मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झाले. या बदलात गावाने काय मिळवले आणि काय सोडले, हे दोन्ही लिहून ठेवायला हवे. मिळाला तो अभियंता. राज्य संवर्गातून येणारा स्थापत्य अभियंता, पाणीपुरवठ्याचा वेगळा अभियंता, कर निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक. आधी एका कनिष्ठ अभियंत्याच्या गळ्यात कितीतरी गावे असत आणि मोजमाप पुस्तक (एमबी) लिहून घेण्यासाठी त्याची वाट पाहावी लागे. नगरोत्थानसारख्या शहरी योजनांची दारे उघडली, घंटागाडी आणि घनकचऱ्याचे नियोजन आले. सुटली ती ग्रामसभा. वर्षातून चार वेळा उभे राहून ‘आमच्या वस्तीचा रस्ता का झाला नाही?’ असे विचारण्याचा कायदेशीर हक्क नगरपंचायतीत तसा राहत नाही. ग्रामीण योजनांचा निधीही थांबतो. पाणंद रस्ते आणि मळ्यातल्या वस्त्या मात्र आहेत तिथेच आहेत. कायद्याने गाव शहर झाले तरी उसाची ट्रॉली त्याच तीन मीटरच्या रस्त्यावरून जाणार आहे.

नव्या सभागृहाने पहिल्याच वर्षी तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. प्रत्येक पाइप, व्हॉल्व्ह आणि चेंबरचा नकाशा तयार करून घ्यावा. अंदाजपत्रकात दुरुस्तीची रक्कम वेगळी बांधून ठेवावी आणि ती दुसऱ्या कामाला वळवू नये. प्रभागसभा ग्रामसभेसारखी उघडी भरवावी. कायद्याची त्याला मनाई नाही.

नकाशाच्या कामात वाचकांनाही वाटा उचलता येईल. ज्यांच्या घरी जुन्या ठरावांच्या नकला, नळयोजनेचे आराखडे, रस्त्यांच्या मोजणीचे कागद किंवा दुष्काळी कामांचे फोटो असतील, त्यांनी त्यांच्या प्रती नगरपंचायतीच्या कार्यालयात द्याव्यात. ज्यांच्या वडिलांनी, चुलत्यांनी ग्रामपंचायतीत पाणी सोडले असेल, गटारे उपसली असतील, खांबावर चढून दिवे बदलले असतील, त्यांनी त्या माणसांना एक दिवस बरोबर घेऊन गावातून फिरावे आणि कुठे काय गाडले आहे ते लिहून घ्यावे. हे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी व्हावे, कारण ती माणसे आता थकली आहेत.